कोरं तोंड

पाव खाताना आत्याचा पुढचा दात तुटला. बदाम नाही, खडा नाही, पाव! तोही चहात बुडवलेला. तिने तुकडा जिभेने पुढे आणला, तळहातावर घेतला, आणि मी आणि बाबा तोंडातला घास तसाच धरून बघत बसलो. तांदळाच्या कणीएवढा असेल. खिडकीच्या उजेडात धरला तर आरपार दिसत होतं, काचेसारखं.

"कुणी रडायचं नाही हं," आत्या म्हणाली.

रडत मी होते. ती तुकडा कागदात गुंडाळत होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय सत्तेचाळीस. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते, खरं तर आम्हीच तिच्याकडे राहतो, कारण घरात चालतं तिचंच. आणि तिची नोकरी अशी आहे की माझ्या कॉलेजात कुणालाही सांगितली की आधी हसतात आणि मग जळतात. ती सरबतं बनवणाऱ्या कारखान्यात चव घेते. एवढंच काम! लिंबू, संत्रं, अननस, सफरचंद. टाकीत नवी खेप तयार झाली की तिच्यासमोर पेला येतो, ती घोट घेते, तोंडात चार वेळा फिरवते, बेसिनमध्ये थुंकते आणि म्हणते "पास" किंवा "परत". तिने पास म्हटल्याशिवाय एक बाटली भरत नाही. दिवसाला चाळीस पेले. एकवीस वर्षं.

कारखान्यात तिला सगळे चवताई म्हणतात. तपासणीच्या खोलीत एक काका आहेत, ते यंत्राने साखर किती आणि आंबट किती ते मोजतात, त्यांना सगळे मीटर म्हणतात. मी लहानपणी आत्याला विचारलं होतं की मीटरकाका आहेत तर मग तू कशाला? ती म्हणाली, "अगं, आकडा बरोबर असतो आणि सरबत थुंकावंसं वाटतं, असं रोज होतं. पाक करपलाय, साल जास्त पिळली गेलीय, हे त्यांच्या यंत्राला कसं कळणार?" एकदम ठसक्यात. ती आधी तिथेच बाटल्या धुवायची. एकदा जुन्या चाखणाऱ्या बाईंनी गंमत म्हणून तिला दोन पेले दिले आणि ही सव्वीस वर्षांची मुलगी म्हणाली, दुसऱ्यातला पाक खाली लागलाय. लागलाच होता! त्या बाईंनी तिला खुर्ची दिली आणि पहिल्याच दिवशी हातात एक ब्रश दिला.

तो ब्रश म्हणजेच सगळी गोष्ट आहे.

चाखणाऱ्याचं तोंड कोरं पाहिजे, हा तिथला नियम. लिंबाची चव तोंडात राहिली तर पुढचं संत्रं खोटं लागतं. म्हणून दर पाच पेल्यांनी दात घासायचे, लगेच, खसाखसा, कडक ब्रशने. भिंतीवर तशी पाटीच आहे. म्हणजे कारखान्यात दिवसातून आठ वेळा, शिवाय घरी सकाळी एकदा आणि झोपताना एकदा. आमच्या घरात माणसं तीन आणि ब्रश अकरा, असं बाबा म्हणायचे. ती दर महिन्याला नवा आणायची आणि जुन्याने खिडकीचे गज घासायची. आणि तिला त्याचा इतका अभिमान! "माझ्याइतकं स्वच्छ तोंड अख्ख्या कारखान्यात दाखवा कुणाचं," असं म्हणायची.

ते म्हणताना हल्ली तोंडावर हात धरायची, हे मात्र आमच्या लक्षात आलं नाही. पाणी पेल्यात ओतून तसंच ठेवायची, मग अर्ध्या तासाने प्यायची. आइस्क्रीम आणलं की "मला नको, घसा" म्हणायची. दोन वर्षं! मला वाटायचं वय झालंय. मला आता इतका राग येतो नं स्वतःचा.

त्याच दिवशी मी तिला ओढत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचा दवाखाना आहे, जिन्यात रंगाचे डबे ठेवलेले असतात. बाई बुटक्या आहेत, छोट्या स्टुलावर उभ्या राहून बघतात. त्यांनी आरसा फिरवला, दिवा जवळ आणला, आणि एकेक दात पुढून-मागून तपासला.

"सरबत, सोडा वगैरे किती पिता?"

"पीत नाही," आत्या म्हणाली. "थुंकते."

बाईंचा हात थांबला. मग आत्याने सगळं सांगितलं. चाळीस पेले, चार वेळा फिरवायचं, थुंकायचं.

"बरं. आणि मग?"

"मग लगेच ब्रश करते."

"लगेच?"

"लगेच! मी आळस नाही करत त्यात. कडक ब्रश, जोर लावून."

तिला वाटलं शाबासकी मिळेल, शप्पथ सांगते, तिचा चेहराच तसा झाला होता. बाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"बाई, नीट ऐका. आंबट लागलं की दाताचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. भिंतीला नवा रंग दिलाय आणि तो अजून ओला आहे असं समजा. हात नाही लावला तर आपली लाळ ते हळूहळू परत घट्ट करते. तासभर लागतो. तुम्ही काय करताय, तर रंग ओला असतानाच खरवडताय. दिवसातून आठ वेळा, एकवीस वर्षं."

खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे मी घासत नसते तर बरं झालं असतं?"

"नुसतं पाण्याने चूळ भरली असती आणि तासाभराने मऊ ब्रशने घासलं असतं, तर खूप बरं झालं असतं. आंबटाने झिजतंच, पण इतकं नाही. हे बघा, हे पिवळं दिसतंय नं, ते मळलेलं नाहीये. वरचं पांढरं गेलंय आणि आतलं दिसतंय. घासून ते पांढरं होणार नाही, उलट आणखी पिवळं होईल."

"गेलेलं परत येतं?"

"नाही. कवच पुन्हा उगवत नाही. तुटलेल्या दाताला मी फिलिंग करून देते, बाकीच्यांना लेप लावते, ठणका कमी होईल. पण हे असंच चालू राहिलं तर पाच वर्षांनी लेप लावायला दात उरले पाहिजेत नं! काम बदला."

"नाही." विचारसुद्धा केला नाही तिने.

"मग दात जातील."

"तेही नाही."

बाई स्टुलावरून खाली उतरल्या आणि हसायलाच लागल्या. "म्हणजे दोन्ही पाहिजे. ठीक आहे. तोंडात फिरवणं बंद, लगेच घासणं बंद. एवढं सांभाळून चव घेता येते का ते तुम्ही शोधा. ते माझं काम नाही." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि तू काय पितेस?"

माझ्या बॅगेतून लिंबू-सोड्याचा डबा डोकावत होता. पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत मी एक डबा पुरवते, घोट घोट. "त्यात साखर नाहीये," मी म्हटलं.

"आंबट आहे नं? मग झालं. प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर पिऊन मोकळी हो, स्ट्रॉ घे, वर पाणी पी. दिवसभर दातांना आंघोळ घालत बसू नकोस."

तर दुसऱ्या दिवशी आत्याने कारखान्यात ब्रश खणात टाकला. पाटी समोर, आणि ब्रश खणात! पाण्याने चुळा भरल्या आणि पेले घेतले. आणि दुपारपर्यंत चार खेपा परत पाठवल्या. "गोड झालंय, फार गोड झालंय." मीटरकाकांनी चारही मोजल्या. साखर अगदी जिथल्या तिथे. टाकीवरची माणसं ओरडायला लागली आणि साहेब वरून खाली आले.

साहेब माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे. आत्याने त्यांना दात दाखवला, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. ते हळहळले. मग त्यांनी परीक्षा घेतली. दहा पेले, काही चांगले, काहींमध्ये मुद्दाम गडबड केलेली, कुठला कसा ते फक्त मीटरकाकांच्या कागदावर. आत्याचे चार चुकले. दहात चार!

"चवताई," साहेब म्हणाले, "तीन आठवड्यांनी उन्हाळ्यासाठी बाटल्यांची मोठी भरती सुरू होते. मला खात्रीची जीभ लागते. तुम्ही ब्रश सुरू करा, मला काही म्हणायचं नाही. नाहीतर दुपारवालीला दोन्ही शिफ्ट देतो आणि तुम्ही लेबलवर बसा."

दुपारवाली म्हणजे दुसऱ्या शिफ्टची चाखणारी. आत्याच्याच वयाची, तोंडाने फटकळ. दोघींची खुर्ची एकच, त्यामुळे दहा वर्षं दोघींमध्ये उशीवरून भांडण.

"तीन आठवडे द्या मला," आत्या म्हणाली. "ब्रश न करता परत परीक्षा घ्या. जमलं नाही तर लेबलवर बसते, तोंडातून शब्द काढणार नाही."

आणि ते तीन आठवडे तिला लेबलवरच बसवलं, दोन्ही शिफ्ट दुपारवालीकडे. एकवीस वर्षांनी. पट्ट्यावर बाटल्या येतात, लेबल वाकडं लागलं असेल ती उचलायची. घरी आली तेव्हा बोटांना गोंद होता. मला वाटलं आता तरी रडेल. तिने चहा मागितला, चष्मा लावला आणि परीक्षेचा कागद टेबलावर पसरला. बाबा घड्याळं दुरुस्त करतात, घरातच एका कोपऱ्यात त्यांचं टेबल आहे. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं, "ताई, किती चुकले म्हणालीस?"

"चार. पण बघ नं, चारही वेळा मी गोड म्हटलंय. एकदाही आंबट नाही, एकदाही फिकं नाही."

"मग?"

"जीभ बिघडली असती तर चुका इकडेतिकडे झाल्या असत्या की नाही?"

बाबांनी भिंग काढलं. "घड्याळ बंद नाहीये," ते म्हणाले. "पुढे जातंय."

"पण का पुढे जातंय?"

मी तिथे मोसंबं सोलत होते आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं ब्रश केल्यावर लगेच रस प्यायला की कडू लागतो नं, घाण! तू तसंच पीत होतीस नं इतकी वर्षं?"

"कडू?" आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परकी भाषा बोलले.

"हो! सगळ्यांनाच लागतं. पेस्टमुळे. गोड कमी लागतं आणि कडू जास्त."

ती उठली, आत गेली, खसाखसा आवाज आला. मी ओरडले, अगं दात! पण ती पेस्ट तोंडात घेऊन आलीच, चूळ भरली, आणि मोसंब्याची फोड खाल्ली.

"मला काही कडू लागत नाही," ती म्हणाली. आणि मग खुर्चीवर बसली. "मला लागतच नाही गं. पहिल्या वर्षी लागायचं. मी बाईंना सांगितलंही होतं, त्या म्हणाल्या होईल सवय." तिने दुसरी फोड उचलली. "म्हणजे मी ते कडू रोज मनातल्या मनात वजा करतेय. आणि आता पेस्ट नाही तरी वजा करतेच आहे. म्हणून सगळं गोड!"

एकवीस वर्षं एका माणसाने नसलेली चव मोजून बाजूला काढायची आणि तरीही एकही बाटली वाईट जाऊ द्यायची नाही! मी तिला मिठी मारली तर ती म्हणाली, "सोड, लिंबं आण."

पण लिंबं आणून करायचं काय? परत शिकायचं तर परत चाखायचं, आणि चाखायचं म्हणजे परत दातांवर आंबट. तीन आठवडे घोट फिरवले तर डॉक्टरीणबाईंचा लेपसुद्धा पळून जाईल. बाबांनी यावर तोडगा काढला. तेलाचे थेंब सोडायला त्यांच्याकडे काचेचे ड्रॉपर असतात, त्यातला एक कोरा करकरीत काढून दिला. "घड्याळाला एक थेंब पुरतो. तुला नाही पुरणार?"

तर असं ठरलं. ती घरी आली की संध्याकाळी सहाला मी दहा पेले बनवायचे, काट्यावर साखर मोजून, लिंबू मोजून, आणि पेल्याच्या बुडाला आकडा चिकटवायचा. ती आधी वास घ्यायची, मग तोंड मोठ्ठं उघडून जिभेच्या मधोमध एक थेंब, दातांना न लावता. मग तोंड मिटून नाकाने श्वास. मग पाणी. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "चिमणीच्या पिल्लाला भरवतायत असं दिसतंय," आणि ती तोंड उघडं ठेवूनच हसली, थेंब हनुवटीवर.

पहिल्या दिवशी पाच चुकले. दुसऱ्या दिवशी सहा. "काही लागतच नाही. फक्त ओलं लागतं," म्हणाली. चौथ्या दिवशी परत पाच. मी आकड्याचे कागद चिकटवताना देवाला सांगायचे, आज तरी, आज तरी, आणि मुद्दाम सोपे पेले करायचे, तर तिला ते लगेच कळायचं! "हा काय बालवाडीचा पेपर आहे? नीट कर." पेले चुकायचे, पण माझी लबाडी मात्र बरोबर पकडायची.

नवव्या दिवशी मीटरकाकांचा फोन आला. बाबांनी स्पीकर चालू केला.

"चवताई, सोडा नं हट्ट. परीक्षेच्या दिवशी घरूनच घासून या. मी काही बघितलं नाही."

"ताई, खरंच," बाबा म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आणि दुसऱ्या दिवशी?" आत्या म्हणाली. "भरती सुरू झाली की मग रोज घासायचं का गुपचूप? साहेबांना फसवणं सोपं आहे रे. या बत्तीस जणांना काय सांगू?"

"साडेएकतीस," बाबा म्हणाले.

ती इतकी हसली! हात न धरता. पण मग उठून सगळे पेले बेसिनमध्ये ओतले आणि म्हणाली, "चुकतंय माझं. मी एकदम परीक्षेलाच बसतेय. आधी मुळाक्षरं."

दुसऱ्या दिवसापासून तिने सरबतच बंद केलं. फक्त पाणी. नुसत्या पाण्याचा थेंब, दहा वेळा. मला वाटलं वेड लागलं हिला. मग नुसतं साखरेचं पाणी, एक चमचा, दोन चमचे, अडीच. मग नुसतं लिंबू. ती डोळे मिटून बसायची आणि पुटपुटायची, "वजा नको करूस, वजा नको करूस." लेबलवरून थकून आलेली असायची, पाय सुजलेले, तरी एक दिवस चुकवला नाही. एकदा ताप होता, मी म्हटलं आज नको. म्हणाली तापात जीभ कशी लागते तेही कळायला हवं नं! पंधराव्या दिवशी तिने परत मिश्रण मागितलं. दहात सात बरोबर. सतराव्या दिवशी आठ. एकोणिसाव्या दिवशी नऊ, आणि बाबांनी खरंच टाळ्या वाजवल्या, हातात घड्याळाची तबकडी होती ती पडली.

परीक्षेला मी गेले. घरचं एक माणूस आणते असं तिने साहेबांना सांगितलं होतं. चव घेण्याची खोली मी पहिल्यांदाच बघितली. मला वाटलं होतं काय भारी असेल, तर इवलीशी खोली, पांढऱ्या फरशा, एक बेसिन, एक खुर्ची, काचेची भिंत. मला काचेबाहेर उभं केलं, दार उघडं होतं म्हणून ऐकू येत होतं. आत साहेब, कागद धरून मीटरकाका, आणि दुपारवाली. सकाळपासून तीच खुर्चीवर होती, आता परीक्षा बघायलाही हजर! आली आणि ड्रॉपर बघून म्हणाली, "हे काय गं? आता सरबताला औषध पाजणार का?"

"तुलाही पाजते, ये," आत्या म्हणाली.

मग आत्या मीटरकाकांकडे वळली. "आधी गेल्या वर्षीच्या परीक्षांची नोंद वाचा. ब्रश करून माझे दहात किती बरोबर यायचे?"

"नऊ," काकांनी वाचलं. "कधी आठ."

"मग आज नऊ आले तर साहेबांनी मान्य करायचं."

साहेबांनी मान हलवली.

पहिला पेला, लिंबू. वास, थेंब, श्वास. "पास." दुसरा. "परत, पाणी जास्त." तिसरा. मी काचेवर कपाळ टेकवलं होतं, माझ्या श्वासाने धुकं येत होतं आणि मी ते बाहीने पुसत होते. मीटरकाका चेहऱ्यावर काही दाखवत नव्हते पण पेन्सिलीने बरोबरची खूण करताना त्यांचा हात वरून खाली येतो, ते मला दिसत होतं. पाच झाले. सहा. सात. सातही बरोबर!

आठवा पेला संत्र्याचा. तिने वास घेतला. थेंब घेतला. पाणी प्यायली. परत वास. परत थेंब. इतका वेळ लावला की साहेबांनी घड्याळ बघितलं.

"साखर बरोबर. आंबट बरोबर," ती म्हणाली. "पण सालीचा कडवटपणा आहे. अगदी मागे आहे, पण आहे. परत."

मीटरकाकांचा हात हललाच नाही. "चवताई... हा चांगला पेला आहे. सकाळच्या टाकीतला. पास झालेला. यात आम्ही काही घातलेलं नाही."

मी काच पुसायचीच विसरले.

"असेल," आत्या म्हणाली. "मला साल लागतेय. चूक धरा." आणि नववा पेला पुढे ओढला. आवाजात जरासुद्धा थरथर नाही! माझ्या मात्र डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि समोरचं सगळं हलत होतं. नववा बरोबर. दहावा बरोबर.

"नऊ," मीटरकाका म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

साहेब काही बोलणार तेवढ्यात दुपारवालीने तो आठवा पेला उचलला. परीक्षेमुळे चाखणं थांबलं होतं, त्यामुळे सकाळचा शेवटचा ब्रश करून तिला दोन तास होऊन गेले होते. तिने वास घेतला, एक घोट घेतला, थुंकला. मग उभीच राहिली.

"काय?" साहेबांनी विचारलं.

ती आत्याकडे बघत होती. चूक तशीच राहिली असती तर निदान कुरकुर करायला जागा होती, आणि दोन्ही शिफ्ट कायमच्या मिळाव्यात म्हणून ती गेले तीन आठवडे सकाळ-दुपार राबत होती, हे मला आत्याकडून माहीत होतं.

"साल आहे साहेब," ती म्हणाली. "खरंच आहे. सकाळी ही टाकी मीच पास केली होती. आधीच्या पेल्यांनंतर ब्रश केला आणि चाखली, तेव्हा पेस्टच्या कडवटात नव्हती लागली."

मीटरकाका पेला घेऊन धावले. टाकीवर विचारलं तर निघालं की पिळण्याच्या यंत्राचा दाब पहाटे कुणीतरी वाढवला होता, रस जास्त निघावा म्हणून. साली पिळल्या गेल्या होत्या.

"म्हणजे दहा," साहेब म्हणाले. मग टाय सैल केला. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं... बरं. चवताई, परवापासून तुमची खुर्ची तुमची. ड्रॉपर तर ड्रॉपर."

मी आत घुसले आणि आत्याला मिठी मारली, या वेळी तिने सोड म्हटलं नाही. साहेब फोनवर सकाळच्या टाकीच्या बाटल्या थांबवायला सांगत होते. दुपारवाली मात्र बेसिनजवळ उभी होती, आमच्याकडे पाठ करून, आरशात बघत. मग वळली आणि आत्याच्या एकदम जवळ आली. इतकी फटकळ बाई, पण आवाज एकदम बारीक झालेला.

"ताई, जरा बघतेस?"

आणि तिने तोंड उघडलं. आत्याने तिची हनुवटी धरून तिला खिडकीकडे वळवलं. मी पण बघितलं. पुढच्या दातांच्या कडा पातळ, आरपार, आणि मागे पिवळं. एका दाताची कड चिरलेली.

"थंड लागतं?"

तिने मान हलवली.

"कधीपासून?"

"कोण मोजतंय. तुला कळू दिलं नाही एवढंच." मग जुन्या सवयीने फटकन म्हणाली, "तू तेवढी शहाणी, नाहीतर माझं काय झालं असतं, असं काही म्हणायला लावू नकोस मला."

"म्हणू नकोस. उद्या सकाळी दहाला हार्डवेअरच्या दुकानासमोर उभी राहा. मी घ्यायला येते. तोपर्यंत हा ब्रश हातात घ्यायचा नाही."

"उद्या दोन्ही शिफ्ट आहेत माझ्या अजून."

"साहेब," आत्याने हाक मारली. "उद्या आम्ही दोघी नाही."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "दोघी नाही म्हणजे? मग चव कोण घेणार? परवापासून भरती आहे!"

"कुणी नाही," आत्या म्हणाली आणि ड्रॉपर रुमालात गुंडाळायला लागली. "एक दिवस टाकी बंद राहील."